शिरगणतीतले दामोदरराव : झाशीहून इंदूरला आलेल्या एका माणसाचा माग

आपल्याकडे ‘आमचे घराणे’ या छापाचे निबंध पुष्कळ वाचले जातात. त्यांत अलीकडे एक विधान वरचेवर भेटतं : अमुक सालच्या जनगणनेत आमच्या पणजोबांची नोंद आहे. ऐकायला बरं वाटतं, टाळ्याही पडतात. पण ब्रिटिश अमदानीतल्या कुठल्याही हिंदुस्थानी शिरगणतीबद्दल हे विधान खरं असणं जवळजवळ अशक्य आहे. पणजोबा मोजले गेले असतील, नव्हे, गेलेच असतील. पण आज हाती येते ती त्यांची नोंद नव्हे, त्यांच्या गावाचा किंवा जातीचा आकडा येतो. माणूस आणि आकडा यांतला हा फरक मिटवून टाकला की पुढचा सगळा वंशवृक्ष वाळूवर उभा राहतो. म्हणून हा प्रश्न एका प्रत्यक्ष माणसाला धरून पाहू. माणूस आपल्या ओळखीचा आहे, इंदूरचा आहे आणि त्याचं नाव सगळ्या हिंदुस्थानाला ठाऊक आहे. गंमत अशी, की त्याला सगळे ओळखतात ते आठ-नऊ वर्षांचं पोर म्हणून. झाशीच्या राणीच्या पुतळ्यात तिच्या पाठीशी बांधलेलं जे मूल असतं, ते म्हणजे दामोदरराव. हे मूल पुढे मोठं झालं, इंदुरात राहिलं, त्याचा संसार झाला आणि 28 मे 1906 रोजी ते इंदुरातच वारलं.

म्हणजे 1881, 1891 आणि 1901 या तिन्ही शिरगणत्या दामोदररावांच्या हयातीत, ते इंदूरचे रहिवासी असताना झाल्या. 17 फेब्रुवारी 1881, 26 फेब्रुवारी 1891 आणि 1 मार्च 1901. तिन्ही वेळा घरावर गेरूने आकडा टाकला गेला असणार, गणतीदार आधी येऊन नावं लिहून गेला असणार आणि ठरल्या रात्री दिवा घेऊन पुन्हा पडताळायला आला असणार. 1901 च्या पत्रकात नाव, धर्म, जात, वय, लग्न झालं की नाही, धंदा, जन्माचा जिल्हा, भाषा, लिहितावाचता येतं का, इंग्रजी येतं का, असे रकाने होते. यातल्या प्रत्येक रकान्यात दामोदररावांनी काय सांगितलं हे वाचायला मिळालं असतं तर काय बहार आली असती! धंद्याच्या रकान्यात ‘पेन्शनदार’? जन्माच्या जिल्ह्यात खानदेश की झाशी? जातीपुढे नेवाळकर की झांसीवाले? (आडनावाला वेगळा रकाना नव्हताच, नावासोबत जे सांगाल तेच.)

ते मिळत नाही, कारण ते कागद उरलेलेच नाहीत. 1901 पासून पद्धत अशी आली, की पत्रकातली प्रत्येक माणसाची माहिती एका चिठ्ठीवर उतरवायची. धर्माप्रमाणे चिठ्ठीच्या कागदाचा रंग वेगळा. मग त्या चिठ्ठ्या खणाखणांच्या फळ्यांत वाटायच्या, मोजायच्या, पुन्हा गोळा करून दुसऱ्या रकान्यासाठी पुन्हा वाटायच्या. तक्ते तयार झाले, अहवाल छापला, की चिठ्ठ्यांचं आणि मूळ वह्यांचं काम संपलं. ती रद्दी ठेवण्यात सरकारला रस नव्हता. मध्य हिंदुस्थानचा 1901 चा अहवाल कॅप्टन लुआर्ड याच्या देखरेखीखाली झाला. त्यात इंदूर शहराची लोकसंख्या 86,686 दिली आहे. रेसिडेन्सीचा भाग वेगळा, महूची छावणी वेगळी. दामोदरराव झालेच तर या आकड्यातले एक. 86,686 मधला एक नेमका कोणता, हे सांगायची सोय त्या तक्त्यात नाही.

विलायतेत तसं नाही. तिथल्या घरोघरच्या पत्रकांचे गठ्ठे जपून ठेवले आहेत आणि शंभर वर्षं झाली की ते खुले होतात. 1921 ची पत्रकं 2022 च्या जानेवारीत खुली झाली. अमेरिकेत हीच मुदत 72 वर्षांची आहे. त्यामुळे 2 एप्रिल 1911 च्या रात्री लंडनमध्ये भाड्याच्या खोलीत राहणारा एखादा मराठी विद्यार्थी आज नावानिशी सापडू शकतो, पण त्याच सालच्या मार्चमध्ये इंदुरात मोजलेला त्याचा सख्खा भाऊ सापडत नाही. इंग्रजी पुस्तकं आणि दूरचित्रवाणीवरचे कार्यक्रम पाहून आपल्याकडच्या हौशी संशोधकांची जी समजूत होते तिचं मूळ इथे आहे. पद्धत तिकडची, कागद इकडचे. जमत नाही. स्वातंत्र्यानंतरही दार उघडलं नाही. 1948 च्या जनगणना कायद्याचं पंधरावं कलम सांगतं, की जनगणनेची कागदपत्रं पाहायला मिळणार नाहीत आणि पुरावा म्हणूनही चालणार नाहीत. 1951 साली मात्र गणतीच्या चिठ्ठ्यांवरून नागरिकांची नोंदवही उतरवून घेतली गेली. ती जिथे टिकली आहे तिथे नाव सापडतं. मराठवाड्यात 2023 पासून कुणबी नोंदींचा जो शोध चालला त्यात ही नोंदवहीही धुंडाळायच्या कागदांत होती. अहवालातला तालुक्याचा तक्ता आणि नोंदवहीतलं नाव यांतला फरक तिथे लोकांना अगदी पोटतिडकीने कळला, कारण एकावर दाखला अवलंबून होता आणि दुसऱ्यावर फक्त भाषण.

मग शिरगणतीचे अहवाल टाकून द्यायचे का? मुळीच नाही. फक्त त्यांना जे विचारता येतं तेच विचारायचं. मध्य हिंदुस्थानची लोकसंख्या 1891 ते 1901 मध्ये वाढायच्या ऐवजी घटली. मधे 1899-1900 चा छप्पन्याचा दुष्काळ होता. त्या दशकात तुमच्या घराण्याची एखादी शाखा एकाएकी गप्प झाली असेल, तर अहवाल त्याचं कारण सुचवू शकतो. वयाचंही तसंच. लोक वय पाचाच्या नाहीतर दहाच्या पटीत सांगत, म्हणून तक्त्यांत 30, 40, 50 या वयांवर माणसांचे डोंगर दिसतात. दामोदररावांचा जन्म 1849 चा धरला तर त्या रात्री ते 51 वर्षांचे होते. चिठ्ठीवर पन्नास लिहिलं गेलं असलं तर मला नवल वाटणार नाही. घरच्या जुन्या वहीत ‘वय 40’ असं दिसलं की त्यावरून जन्मसाल वजा करून काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि बायकांची नावं तर अनेक घरांत गणतीदाराला सांगतच नसत. तशा वेळी नुसतं स्त्री किंवा अमक्याची बायको एवढं लिहून भागत असे. म्हणजे वह्या उरल्या असत्या तरी निम्मं घर बिननावाचं मिळालं असतं.

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. ती कागद नसण्याची नाही, नाव एक नसण्याची आहे.

दामोदररावांचं जन्मनाव आनंदराव. वासुदेवराव नेवाळकर हे जन्मदाते, गंगाधररावांच्या भाऊबंदांतले. खानदेशातल्या पारोळ्याशी या घराण्याचं जुनं नातं. लक्ष्मीबाईंना 1851 मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव दामोदर. तो चार महिन्यांचा होऊन गेला. दोन वर्षांनी, 20 नोव्हेंबर 1853 ला, गंगाधररावांनी मृत्युशय्येवर आनंदरावांना दत्तक घेतलं, कंपनीचा अधिकारी मेजर एलिस याच्या समक्ष, आणि त्याच्या हाती पत्रही दिलं. दुसऱ्या दिवशी ते वारले. दत्तकाला नाव दिलं ते गेलेल्या मुलाचंच : दामोदर. म्हणजे एकाच आईच्या पोटी आणि ओटीत दोन दामोदर, दोन वर्षांच्या आत. पाऊणशे वर्षांनी एखाद्या नातवाने घरच्या वहीत ‘दामोदर, जन्म 1851’ असं वाचलं असतं आणि दुसऱ्या कागदात ‘दामोदर, 1849’, तर त्याने काय केलं असतं? आपल्यापैकी बहुतेकांनी जे केलं असतं तेच : एक साल चुकलंय म्हणून दुरुस्त केलं असतं. दोन मुलं एक झाली असती. कुलवृत्तांतांत अशी किती मुलं एकमेकांत विरघळली आहेत याचा हिशेब नाही. मेलेल्या मुलाचं किंवा आजोबांचं नाव पुन्हा ठेवायची आपली रीत भावनेला धरून आहे. संशोधकाला मात्र ती फार जड जाते.

आईकडूनही तेच. काशीत जन्मलेली मणिकर्णिका तांबे लग्नानंतर लक्ष्मीबाई झाली. हे उदाहरण प्रत्येकाला ठाऊक आहे म्हणून त्यातली धार बोथट झालीय. बडोद्याचं पाहा. तिसऱ्या सयाजीरावांची पहिली राणी तंजावरच्या मोहित्यांची लक्ष्मीबाई, लग्नानंतर नाव चिमणाबाई. ती 1885 मध्ये वारली. त्याच वर्षी दुसरं लग्न झालं, देवासच्या घाटग्यांच्या गजराबाईशी. तिचंही सासरचं नाव चिमणाबाई. फत्तेसिंहराव पहिल्या चिमणाबाईंचे, जयसिंहराव, शिवाजीराव, धैर्यशीलराव आणि इंदिराराजे दुसऱ्या चिमणाबाईंची. हे राजघराणं, म्हणून पहिली-दुसरी असे आकडे लावून घोळ मिटला. एखाद्या कारकुनाच्या घरात असंच झालं असेल तर? तिथे आकडे कोण लावणार? सावत्र भावंडं सख्खी होऊन जातात आणि एका बाईचं माहेर दुसरीला चिकटतं. माहेर चुकलं की सोयरीक चुकली, आणि सोयरीक चुकली की शोधाची अर्धी दारं बंद झाली. कारण आपल्याकडे घराणं एकटं कुठे जात नसे, सोयऱ्यांच्या मागे जात असे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, देवास, धार, तंजावर या गावांना जोडणारे खरे रस्ते लग्नांचे आहेत.

आडनावांचं प्रकरण याहून वेगळं. नेवाळकरांचे झांसीवाले झाले. मराठीत गावावरून ‘कर’ लागतो, माळव्यात आल्यावर ‘वाले’ लागलं. या एका प्रत्ययात घराण्याचं स्थलांतर आहे, आणि ज्या राज्यावरचा हक्क नाकारला गेला त्याचं नावही आहे. सरकारने झाशी घेतली, आडनाव घेता आलं नाही. पण आडनावावरून मूळ गाव काढणाऱ्यांनी जपून असावं. झांसीवाले मूळचे झाशीचे नव्हेत, ते तिथे सुभेदारीच्या निमित्ताने गेलेले कोकणस्थ नव्हे की कऱ्हाडे, या वादात मी इथे शिरत नाही. मुद्दा एवढाच, की आडनाव सांगतं ते शेवटून दुसरं गाव, पहिलं नव्हे. गायिका हिराबाई बडोदेकर यांचा जन्म मिरजेचा, आणि जन्मनाव चंपाकली. आई ताराबाई माने बडोद्याच्या, त्यावरून बडोदेकर. भाऊ सुरेशबाबू माने, बहीण सरस्वती राणे, वडील अब्दुल करीम खाँ. ही सख्खी भावंडं आहेत हे नुसत्या नावांच्या यादीवरून कोणत्या शिरगणतीवाल्याला कळलं असतं?

दामोदररावांबद्दल आपल्या हाती मुख्य साधन आहे ते त्यांचं म्हणून सांगितलं जाणारं आत्मकथन. य. न. केळकरांच्या ‘इतिहासाच्या सहली’ या 1959 च्या पुस्तकात ते आलं. इंदूरच्या मंडळींत त्याला पोथीचा मान आहे, आणि त्याबद्दलच मला थोडं कठोर लिहायचं आहे. हा मजकूर दामोदररावांनी स्वतः लिहून ठेवलेला नसून त्यांच्याबद्दल तोंडोतोंडी चालत आलेल्या हकिगतींना कोणीतरी दिलेलं लेखी रूप असावं, असं मत मांडलं गेलं आहे. मला ते पटतं. मजकूर सबंध एका हाताचा वाटत नाही, त्यात तीन वेगवेगळे थर दिसतात.

पहिला थर रानातला. ग्वाल्हेरजवळ जून 1858 मध्ये राणी पडली, आणि रामचंद्रराव देशमुखांसारखी विश्वासू माणसं मुलाला घेऊन बुंदेलखंडाच्या रानात दोन वर्षं वणवण फिरली. पाऊस, उपास, दुखणी, आसरा द्यायला धजत नसलेली गावं, हळूहळू फुटत गेलेली टोळी. हे सगळं रात्री अंगणात बसून सांगितलेल्या गोष्टीसारखं येतं. त्यात क्रम सैल आहे आणि ठिकाणं पुसट आहेत. नऊ वर्षांच्या मुलाला भूक आठवते, मुक्कामाचं नाव आठवत नाही, म्हणून हा भाग मला खोटा वाटत नाही. फक्त त्याच्या आधारावर नकाशा काढू नये. काही उत्साही मंडळींनी तो काढला आहे, मुक्कामांच्या तारखांसकट. त्या तारखा कुठून आल्या ते त्यांनी सांगावं.

दुसरा थर बोलाचालीचा. नन्हेखान नावाचा जुना सरदार मधे पडतो, इंग्रज अधिकाऱ्याशी बोलणं करतो, मुलाला हजर करायचं ठरतं. खर्चासाठी आईच्या आठवणीचे जड सोन्याचे तोडेसुद्धा विकावे लागतात. हे सगळं मोठ्या माणसांच्या तोंडून आलेलं आहे. मुलाला यातलं किती कळत होतं? प्रत्येक वाटाघाटीत सांगणाऱ्याचा स्वतःचा पराक्रम थोडा वाढतो, हे धरून चालावं. तोड्यांची गोष्ट मात्र मी वेगळी काढेन. घराण्यात वस्तू विकल्याची आठवण वस्तू असल्याच्या आठवणीपेक्षा खरी असते. नसलेली तलवार पुष्कळांच्या घरी असते, पण नसलेले तोडे कोणी विकत नाही.

तिसरा थर इंदूरचा. 5 मे 1860 ला इंदुरात येणं, गव्हर्नर जनरलचे एजंट सर रिचमंड शेक्सपिअर यांची भेट, सालीना 10,000 रुपयांची नेमणूक. इथे एकदम इंग्रजी तारीख, इंग्रज साहेबाचं पुरं नाव आणि रुपयांचा नेमका आकडा येतो. ही स्मरणशक्ती नव्हे, हा कागद बोलतोय. हकीकत लिहून काढणाऱ्याच्या समोर नेमणुकीचं एखादं पत्र किंवा त्याची नक्कल असावी, असा माझा तर्क आहे. वाचायला हा भाग सर्वांत रुक्ष. आपल्या मंडळांतल्या वाचनांत तो गाळून रानाचा भाग रंगवून सांगतात. वंशशोधासाठी मात्र हाच भाग सोन्याचा, कारण तो सरकारी कागदांशी ताडून पाहता येतो.

आत्मकथनाबाहेरचा एक दुवा याहून भक्कम आहे, आणि त्याकडे फारसं कोणी या नजरेने पाहत नाही. द. ब. पारसनिसांचं लक्ष्मीबाईंचं चरित्र 1894 चं. म्हणजे दामोदरराव तेव्हा हयात होते. मार्टिन नावाच्या इंग्रजाने आग्र्याहून 1889 च्या ऑगस्टमध्ये दामोदररावांना लिहिलेलं पत्र पारसनिसांनी त्यात दिलं आहे. 1857 च्या जूनमध्ये झाशीत युरोपियनांची जी कत्तल झाली तिच्यात राणीचा हात नव्हता, असं त्या पत्राचं म्हणणं. इतिहासकार त्यावर शतकाहून अधिक काळ भांडताहेत : मार्टिन तिथे होता का, त्याला काय ठाऊक होतं, इतक्या वर्षांनी का लिहिलं. राणी दोषी की निर्दोष हा त्यांचा प्रश्न. वंशशोधकाचा प्रश्न साधा आहे. 1889 साली आग्र्यातल्या एका इंग्रजाला दामोदररावांचा पत्ता माहीत होता, आणि तो त्यांना राणीचा मुलगा समजून, तुमची आई असा उल्लेख करून लिहीत होता. मजकूर खरा असो वा नसो, नातं मान्य आहे. कागद ज्या गोष्टीसाठी लिहिलेला नसतो त्या गोष्टीची साक्ष तो सर्वांत निर्मळ देतो. याउलट विष्णुभट गोडश्यांचा ‘माझा प्रवास’. झाशीच्या वेढ्याचं त्यांचं प्रत्यक्ष वर्णन अमोल आहे, पण ते पंचवीसेक वर्षांनी लिहिलेलं, आणि 1907 मध्ये चिं. वि. वैद्यांनी छापलं ते फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरची आवृत्ती नंतर दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केली. दामोदररावांबद्दल त्यातून काही घ्यायचं तर कोणत्या आवृत्तीतून घेतलं ते लिहायलाच हवं. आपले निबंध ते लिहीत नाहीत.

आता ज्या वादासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्यावर येतो. झांसीवाले हे राणीचे ‘खरे’ वंशज नव्हेत, दत्तकाचे वंशज आहेत, असा शेरा हल्ली सर्रास मारला जातो. काही चांगले अभ्यासकही मारतात. हा शेरा मला चुकीचा वाटतो. तो आपल्या रीतीचं अज्ञान दाखवतो. दत्तक म्हणजे पाळलेलं पोर नव्हे. दत्तविधान झालं की कुळ, गोत्र, पिंड, वारसा सगळं बदलतं. शास्त्राने तो पुत्रच. शिवाय आनंदराव परके नव्हतेच, नेवाळकरांच्याच वेलीवरचे होते. रक्त मोजायचंच असेल तर तेही तिथे आहे. आणि विरोधाभास असा, की खुद्द कंपनी सरकारने दामोदररावांना गंगाधररावांच्या खासगी दौलतीचा वारस मानलं, फक्त राज्याचा मानलं नाही. म्हणजे 1854 मध्ये डलहौसीनेसुद्धा जे पुरतं नाकारलं नाही ते आज आपण नाकारतो आहोत. राज्याचा दत्तक हा राजकारणाचा प्रश्न होता, घरचा दत्तक हा धर्माचा. दोन्ही एकाच मापाने मोजणं हे डलहौसीचं माप घरात आणणं झालं.

बडोद्याकडे पाहिलं की हे लख्ख दिसतं. 1875 मध्ये खंडेराव महाराजांच्या विधवा जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या काशीराव गायकवाडांचा मुलगा गोपाळराव दत्तक घेतला. तोही भाऊबंदांतला, तोही खेड्यातला, त्याचंही नाव बदललं. तो सयाजीराव झाला. झाशी आणि बडोदे यांमध्ये बावीस वर्षं आणि 1857 चं बंड एवढाच फरक आहे. ग्वाल्हेरला 1843 मध्ये भागीरथरावांचे जयाजीराव झाले ते दत्तकानेच. सयाजीरावांना ‘खरे गायकवाड नव्हेत’ असं कोणी म्हणत नाही. मग हा शेरा फक्त इंदुरातल्या पेन्शनदाराच्या वाट्याला का?

दत्तकाचा हा सांधा कागदात कुठे पकडायचा? सर्वांत हाताशी असलेलं साधन घरातच असतं आणि तेच आपण शेवटी उघडतो : पक्षाची वही. महालयात कोणाकोणाच्या नावाने पिंड द्यायचे त्यांची नावं, नातं आणि गोत्र लिहून ठेवलेली. त्यात बाप, आजा, पणजा असतात, आई, आजी, पणजीही असतात, आईचे वडील आणि त्यांच्या मागच्या पिढ्याही असतात. ज्या बायका शिरगणतीत नुसत्या ‘स्त्री’ राहिल्या त्यांना इथे नाव आहे, भले ते सासरचं असेल. दत्तक असेल तर त्या वहीत एकदम रूळ बदललेला दिसतो, आणि दोन्ही कुळांची नावं दिसली तर तो द्व्यामुष्यायण, म्हणजे दोन्ही बापांचा. लग्नाच्या संकल्पात वधूवरांच्या तीन पिढ्या उच्चारतात, जुन्या उपाध्यायांच्या चोपड्यांत त्या उतरलेल्या असतात. नाशिक, त्र्यंबक, उज्जैन, प्रयाग, गया इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांचं सांगायला नको. गोव्यातल्या मंडळींना आणखी एक सोय आहे, देवळाच्या महाजनांच्या यादीची. या सगळ्यांत एक गुण समान आहे : ते माणसाला नात्यात लिहितात. शिरगणती माणसाला घरात लिहिते, आणि घर बदलतं.

दामोदररावांच्या बाबतीत पुढचं काम आत्मकथन पुन्हा छापण्याचं नाही, त्याच्या आवृत्त्या पुरेशा फिरताहेत. काम आहे नेमणुकीच्या कागदांचं. इंदूर रेसिडेन्सीचा सगळा पत्रव्यवहार परराष्ट्र खात्याशी चाले, आणि त्या खात्याचे दप्तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. त्यातल्या पुष्कळ फायलींची सूची आता ‘अभिलेख पटल’वर घरबसल्या चाळता येते. शोधताना इंग्रजांनी नाव कसं लिहिलं असेल याचे चार-पाच प्रकार करून पाहावेत : दामोदर, दामूदर, डमोदर, नुसतं ‘झाशीच्या राणीचा दत्तक मुलगा’ असंही. 1860 च्या आसपासच्या फायली सर्वांना सुचतात. मी 1906 च्या जून-जुलैपासून सुरू करेन. पेन्शनदार मेला की ट्रेझरीला एक प्रश्न विचारावाच लागतो : मागे कोण कोण आहे, वय काय, नातं काय.